सुटणार कधी?

जोडणीसरांची ती गोष्ट अख्ख्या कॉलेजला पाठ होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते ती सांगत, स्टाफरूममध्ये चहा घेताना सांगत, आणि कुणी नुसतं "काय सर, कसं काय?" म्हटलं तरी सांगत. सर जीवशास्त्राचे प्राध्यापक. मज्जातंतू स्नायूला जाऊन जोडला जातो तो कसा, या एका प्रश्नापायी त्यांनी ऐन उमेदीची वर्षं घातली, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तर गोष्ट अशी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुपारी सर फळ्यावर उंदराच्या पिल्लाचा स्नायू काढून त्याला चिकटणारे मज्जातंतू रंगीत खडूंनी दाखवत होते. शेवटच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "सर, सुटणार कधी?"

सरांचा खडू हवेतच थांबला. "कोण ते? उभी राहा. काय म्हणालीस?"

ती उभी राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली. सर बघतच राहिले. जोडणी होते कशी, एवढंच ते आजवर खोदत बसले होते. जोडणी सुटते कधी, हा प्रश्न त्यांच्या डोक्याला शिवलाही नव्हता. "शाबास!" असं ओरडून ते तास अर्ध्यावर टाकून प्रयोगशाळेकडे पळाले. पिल्लू जन्मतं तेव्हा स्नायूच्या एकेका धाग्याला बरेच मज्जातंतू गर्दी करून चिकटलेले असतात. पुढे एकच टिकतो आणि बाकीचे मुकाट्याने मागे सरतात. कोण सरतो, कधी सरतो, हे शोधण्यात सरांची पुढची सगळी वर्षं गेली, आणि जे काही नाव झालं ते त्यातूनच झालं. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी ते न चुकता शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थिनीचे आभार मानत.

आणि अशातच नव्या प्राचार्यांनी टूम काढली. पुढच्या वर्षापासून पहिल्या वर्षाचे सगळे तास रेकॉर्ड करून दाखवायचे. "एकदा कॅमेऱ्यासमोर बोललात की तुम्ही मोकळे, सर," ते म्हणाले. "मग निवांत संशोधन करा." त्यांना वाटलं, म्हातारा खूश होईल. सर मात्र धास्तावले. प्रयोगशाळा त्यांच्यावाचून चालली असती, हे त्यांना कळत होतं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ज्याच्यासाठी बाहेर पडावं, असा तो एकच तास उरला होता. तो गेला तर आपण नेमकं कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

शुक्रवारी यावर प्राध्यापकांची मीटिंग होती. त्या विद्यार्थिनीलाच तिथे उभं करायचं, असं सरांनी ठरवलं. पहिल्या वर्षाचा वर्ग संशोधनाला काय देतो, याचा चालताबोलता पुरावा!

"तिला कशाला ओढताय मध्ये?" बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. "तुमची गोष्ट पुरे की."

पण सर कसले ऐकतात. ऑफिसातला एक कारकून तिच्याच बॅचचा निघाला आणि त्याने पत्ता दिला.

तिचं चष्म्यांचं दुकान होतं. तिन्ही भिंतींवर फ्रेमा, मध्ये आरसा, आणि काउंटरवर ती इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होती. सरांना बघून ताडकन उठली.

"सर! बसा ना. नंबर वाढला का?"

"नंबर राहू दे. शुक्रवारी मला तू हवी आहेस." आणि सरांनी प्राचार्यांपासून निबंधांच्या आभारांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "येईन मी, सर. पण आधी एक सांगू? रागावणार नाही ना?"

"तुझ्यावर? वेडी का काय!"

"सर, मी तास सुटणार कधी, ते विचारत होते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे जोडणी..."

"जोडणी नाही हो सर, तास. डबा विसरले होते, भुकेने जीव चालला होता, आणि कॅन्टीन बंद व्हायची वेळ झालेली."

"अगं, मग मी पुन्हा विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही डोळे वटारून उभे! काही सुचेना, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. तर तुम्ही शाबास म्हणालात, वर तास सोडून पळालात. मुलांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

"सगळ्या वर्गाला माहीत आहे हे?"

"सगळ्या बॅचला, सर." मग सरांचं तोंड बघून ती घाईघाईने म्हणाली, "पण शुक्रवारी मी तुम्ही म्हणाल तेच सांगेन. अगदी शपथेवर."

"नको," सर म्हणाले आणि उठले.

रस्त्याने जाताना त्यांना आधी लाज वाटली. दरवर्षी पहिल्या तासाला आपण रंगात येऊन सांगतोय आणि मागच्या बाकांवर खसखस पिकतेय. मग राग आला, पण तो काढायचा कुणावर? पोरीला भूक लागली होती, यात तिचा काय गुन्हा? दोन दिवस बायकोने दुकानातलं विचारलं की ते विषय बदलत राहिले.

शुक्रवारी सर बोलायला उभे राहिले तेव्हा प्राचार्य हसून म्हणाले, "सर, ती गोष्ट आम्हाला माहीत आहे."

"अर्धी माहीत आहे," सर म्हणाले, आणि उरलेली अर्धी त्यांनी डब्यासकट, कॅन्टीनसकट सांगितली. हास्याचा असा स्फोट झाला की शिपाई दारातून डोकावला. त्याच्यामागे ती चष्मेवाली उभी होती. नको म्हटलं तरी आलीच होती.

"हसा," सर म्हणाले. "पण माझ्या प्रयोगशाळेत हे मला कुणीही विचारलं नसतं. तिथे सगळे माझ्यासारखेच जोडणीने झपाटलेले. असा प्रश्न यायला समोर बसलेलं, कंटाळलेलं पोरच लागतं. कॅमेऱ्यापुढे मी दिवसभर बडबडलो असतो, मला कोण थांबवणार होतं?"

प्राचार्यांनी दाराकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे, मॅडम?"

"रेकॉर्डिंग असतं तर मी ते बंद करून जेवायला गेले असते," ती म्हणाली.

प्राचार्यांनी पेनाने टेबलावर टकटक केली, इकडेतिकडे बघितलं, आणि बाकीच्यांचं नंतर पाहू, सरांचा तास मात्र आहे तसा राहू द्या, असं म्हणून पुढचा विषय काढला.

सर घरी आले ते जिना चढतानाच बोलत. बायको ताटात मटार सोलत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं झालं," एवढंच म्हणाली.

"बरं झालं काय? तुला नवल नाही वाटलं? ती तासाबद्दल विचारत होती, तासाबद्दल!"

"अहो, मी जन्मभर सातवी-आठवीला गणित शिकवलं. मागच्या बाकावरून दुसरं काय विचारतात?"

सर उभेच राहिले. "म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आठवतं का, तेव्हा तुमचं काय चाललं होतं ते? प्रयोग काही जमत नव्हते. माझ्याच्याने काही होत नाही, नोकरी सोडतो, म्हणायचात. समोर वाढलेलं ताट तसंच ठेवून उठायचात. आणि त्या दिवशी चपला न काढताच स्वयंपाकघरात आलात. कोपरापर्यंत खडू. म्हणालात, वाढ लवकर, भूक लागलीय. किती दिवसांनी पोटभर जेवलात तुम्ही त्या दिवशी. तेव्हा काय सांगायचं होतं मी? की त्या पोरीलाही भूकच लागली होती म्हणून?"

सर तिच्याशेजारी बसले, ताट थोडं आपल्याकडे ओढलं आणि शेंगा सोलू लागले.