रडणारी भिंत आणि कपाटातली डबी

दवाखान्याच्या भिंतीपुढे भल्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवरच्या फलकावर एका म्हातारीचा भलामोठा चेहरा होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांतून खरंखुरं पाणी ओघळत होतं. लोक रुमाल भिजवून घेत होते, पापण्यांना लावत होते. ती म्हातारी म्हणजे आमची आई. जाहिरात धाकटीची, माझ्या सख्ख्या बहिणीची. आणि खाली ‘डोळे वेळेवर तपासून घ्या, तपासणी आत मोफत आहे’ ही ओळ माझी. ती कोणी वाचत नव्हतं.

आम्ही दोघी एकाच जाहिरात कंपनीत. ती चित्रं करते, मी मजकूर लिहिते. तिने काही केलं की साहेब टाळ्या वाजवतात, मी काही केलं की दोन शब्द कमी करायला सांगतात. त्यात आईचा तो फोटो मी काढलेला, माझ्याच मोबाईलमधून तिने उचललेला. माझा जळफळाट झाला तर काय चुकलं?

बघता बघता भिंतीशी एक रुमालबाबा उपटला. आधी तो त्याच फुटपाथवर काळे चष्मे विकायचा. आता रुमाल विकू लागला आणि त्याच्याकडे सगळ्याचं उत्तर तयार. माता सकाळीच का रडते? दुपारी पाप्यांची वर्दळ असते म्हणून. परवा का रडली नाही? गर्दीत कोणीतरी शंकेखोर होता म्हणून. पाणी डोळ्यांना झोंबतं? झोंबतं म्हणजे लागू पडतंय! आत दवाखाना ओस होता. ज्यांनी ही जाहिरात करून घेतली त्या डॉक्टरबाई दारात उभ्या राहायच्या आणि अख्खी गर्दी त्यांच्याकडे पाठ करून उभी असायची.

पाणी येतं कुठून, असं मी धाकटीला विचारलं. ती नुसती हसली. आमच्या धंद्याची रीतच आहे, जाहिरातींच्या स्पर्धेत उतरलं की निकाल लागेपर्यंत युक्ती फोडायची नाही, आणि परीक्षक गर्दी बघायला येणार होते. ‘‘तुला जळायला निमित्तच लागतं,’’ ती म्हणाली. खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

घरी आले तर आईचे डोळे लालभडक. तिला काचबिंदू. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावून ऑपरेशनची तारीख दिली होती. ती आईने परस्पर रद्द केली होती आणि भिंतीचं पाणी डोळ्यांत घालत होती. भाजीवालासुद्धा आता तिच्याशी अदबीने बोलायचा, त्यामुळे बाई हरभऱ्याच्या झाडावर चढलेली.

‘‘चेहरा माझा, मग गुण मलाच नको का?’’ ती म्हणाली. ‘‘आणि धाकटीच्या हाताला यश आहे.’’

मी तिचे डोळे पुसायला कपाटातून पंचा काढायला गेले आणि कपड्यांमागे हाताला डबी लागली. ओल धरू नये म्हणून ठेवतात ती, पांढऱ्या दाण्यांची. दाणे दमट हवेतलं पाणी ओढतात, विरघळतात, आणि डबी खाली पाण्याने भरते. लहानपणी त्यात बोट घातलं म्हणून आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता. भिंतही दमट सकाळीच रडायची.

डबी घेऊन मी आधी धाकटीकडे गेले. आई भिंतीचं पाणी डोळ्यांत घालते म्हटल्यावर ती पांढरी पडली. लोक नुसते बघतील असं वाटलं होतं, एवढंच पुटपुटली. परीक्षकांचं नावही काढलं नाही तिने. आम्ही आईला घेऊन भिंतीपाशी गेलो.

सगळ्यांसमोर मी डबी आईपुढे धरली. ‘‘आई, हे पाणी डोळ्यांत घालशील?’’

‘‘वेड लागलंय का? डोळे जातील माझे.’’

‘‘मग इतके दिवस काय घालतेस?’’

तेवढ्यात धाकटीने फलकामागची फळी उघडली. जाळीच्या पिशवीत तेच पांढरे दाणे, आणि तिथून म्हातारीच्या डोळ्यांपर्यंत दोन बारीक नळ्या. रात्रीची ओल पिऊन दाणे सकाळी गळायचे, उन्हाने हवा कोरडी झाली की थांबायचे. परवा हवाच कोरडी होती. मातेने दाण्यांचं रूप घेतलंय, असं रुमालबाबा ओरडला, पण आईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

‘‘चेहरा माझा आहे,’’ ती गर्दीला म्हणाली. ‘‘रडायचं असेल तर मी रडेन, भिंत कशाला रडेल? मी चालले आत. डोळे हवे असतील त्यांनी या.’’

ती आत गेली, मागोमाग गर्दी गेली. दवाखाना भरला. युक्ती फुटली म्हणून बक्षीस गेलं, तरी साहेबांनी खऱ्या गर्दीसाठी धाकटीलाच डोक्यावर घेतलं. डबी माझी होती, हे कोणाला आठवलं नाही.

आईचं ऑपरेशन झालं, उरलेली नजर वाचली. पट्टी सुटल्यावर घरी जाताना ती भिंतीपुढे थांबली आणि माझी ओळ अक्षर अक्षर लावत वाचली. जगात पहिल्यांदाच कोणीतरी वाचली.

‘‘बरं लिहिलंयस,’’ ती म्हणाली. ‘‘दोन शब्द जास्त झालेत.’’

असो. तुमच्याकडे एखादी भिंत रडली, तर हात जोडण्याआधी तिच्या मागे जाऊन बघा. मी मत्सरापोटी गेले. तुम्ही नुसत्या शंकेपोटी जा, डोळे तेवढेच वाचतात.