परक्या घरचं नवं

मोठ्या लढाईच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत जव्हार संस्थानातले दोन गडी, दाभोशाचा पुंजा आणि शेजारच्या पाड्यावरचा लाडक्या, आगबोटीत बसून पार इराकातल्या बसऱ्याला जाऊन पोचले. काम हमालीचं. नदीतल्या नावांवर पोती चढवायची आणि उतरवायची. पुंजाची समजूत अशी, की या मुलखात नुसती वाळूच असणार. पण एकदा त्यांची नाव पाण्यात वाढलेल्या उंच बोरूच्या रानात वाट चुकली, तेव्हा समोर काय दिसावं? पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, आणि पलीकडे अर्धाअधिक कापून झालेला भात.

पुंजा नावेत उभाच राहिला. "लाडक्या, ही तर आपली खाचरं."

"खाली बस, नाव उलटंल. तुझी खाचरं समुद्रापल्याड राहिली."

काठावरच्या एका म्हातारीनं त्यांना खुणेनं घरात बोलावलं. घर बोरूचं, आपल्या कुडाच्या घरासारखंच, फक्त माती लिंपलेली नव्हती. चुलीवर भात रटरटत होता. नव्या भाताचा वास पुंजानं लगेच ओळखला. कापणी झाली, की दाभोशाला घरोघर हाच वास सुटायचा. बाप पळसाच्या पानावर भात घेऊन कणसरीपुढे, म्हणजे धान्याच्या देवीपुढे ठेवायचा, आणि तोवर पोरं तोंडचं पाणी गिळत बसायची.

म्हातारीनं भाताचं मोठं ताट मधे ठेवलं. तिचा मुलगा, सून, नातवंडं भोवती बसली. पुंजानं हात मागे घेतला.

"खा रं," लाडक्या कुजबुजला.

"नवा भात हाय. आपल्या देवाला दावल्याबिगर कसा खाऊ?"

डोंगरातली रीतच तशी. घरच्या कर्त्यानं नवं धान्य देवाला दाखवायचं, मगच घरानं ते तोंडात घालायचं. पुंजाचा बाप वारला होता, कर्ता आता तोच. निघताना त्याची आई गोजाबाई म्हणाली होती, "तू येशील तवाच आमी नवं खाऊ." म्हणजे तिकडे कणगी भरलेली, आणि घर मात्र नागलीच्या आंबिलीवर. मग त्यानंच इथं बसून नवा भात खायचा?

पण ताटाला कुणीच हात लावत नव्हतं. पाहुणा जेवल्याशिवाय ते घर जेवणार नव्हतं. म्हातारीची धाकटी नात भाताकडे बघे, मग पुंजाच्या हाताकडे, पुन्हा भाताकडे. म्हातारीचा चेहरा उतरला. आपल्या अन्नात या माणसाला काही खोट दिसली की काय, असं तिला वाटलं असावं.

"घे लवकर," लाडक्या म्हणाला. "पोरीनं तुझा हातच खाल्ला तर माझ्याकडं रडत येऊ नको."

तेवढ्यात म्हातारीनं दोन्ही तळहात वर धरले, हळू आवाजात काही पुटपुटली, आणि ताट पुंजाकडे सरकवलं. शब्द त्याला कळले नाहीत. ते कुणासाठी होते, ते कळलं. शेत तिचं, देव तिचा, आणि तिनं आपलं नवं देवाला दाखवलं होतं. पुंजानं त्या पोरीकडे पाहिलं. गावी त्याची लेक रुपीही आता अशीच चुलीपाशी बसून बापाच्या हाताची वाट बघत असेल.

त्यानं घास घेतला. पोरीनं लगेच दोन्ही हातांनी भात ओढला आणि म्हातारी हसली.

छावणीकडे परतताना पुंजा नावेत लाडक्याजवळ सरकून बसला. लाडक्याचा करार संपत आला होता, तो लवकरच गावी जाणार होता.

"आमच्या आयेला सांग, माझी वाट बघू नका. नवं खा."

"आन् देवाला कोण दावंल?"

"आय दावंल. तिच्या हातानं."

"बाईच्या हातानं? आरं, तुझी आय मला मुसळ घेऊन मारंल."

"मारू दे," पुंजा म्हणाला. "पर तिनं भात रांधेपर्यंत तिथून हलू नको. रुपीला पोटभर वाढला का, ते बघ, मगच आपल्या घरी जा."