त्रेचाळिसावं तोंड

"आ कर," असं मी म्हणायच्या आतच तिने तोंड उघडलं होतं.

वर्गातली बेचाळीस मुलं तपासून झाली होती. यादीतल्या बेचाळीस नावांपुढे खुणा करून मी हातमोजे काढायला घेतले, मान वर केली, तर खिडकीखालच्या खुर्चीत ही बसलेली. आठेक वर्षांची. कधी आली, कुठून आली, साधं पाऊलही वाजलं नाही. बाकीची पोरं वर्गाच्या दुसऱ्या टोकाला दंगा करत होती. हिच्या आसपास कुणीच नव्हतं.

"आता दुखत नाही," ती म्हणाली. तोंडात काहीतरी धरून बोलावं, तसा आवाज.

माझ्या हातातला छोटा आरसा फरशीवर पडला.

मी शाळाशाळांतून मुलांचे दात बघत हिंडणारी नर्स. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांचे जबडे उघडतेय, निवृत्तीला एकवीस दिवस उरलेत. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली. पण हेच वाक्य मी याच वर्गात, याच खिडकीखाली सत्तावीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. तीही आठ वर्षांची होती. तिच्याही वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये हिच्यासारखीच काडेपेटीची काडी जाईल एवढी फट होती. मी तेव्हा तशी नवखी, त्यातून घाईत. दुखत नाही म्हणतेय ना, झालं तर मग, म्हणून कार्डावर "त्रास नाही" असं लिहून मोकळी झाले. पाचव्या दिवशी ती गेली. दाढेतला पू जबड्याखाली उतरला, गळा सुजला आणि श्वास कोंडला. कुणी मला जाब विचारला नाही. त्यानंतर मीच या शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. दर वर्षी कुणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घ्यायचे. या वर्षी कुणी ऐकलं नाही.

दुसरा आरसा घेतला. डावीकडे, खाली, शेवटची दाढ. मधोमध काळं भगदाड, बाजूची हिरडी फुगलेली. आणि तो वास. आत मेलेल्या नसेचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

नाव विचारायची मला हिंमत झाली नाही.

"सिस्टर, कुणाशी बोलताय?" वर्गाच्या बाई मागून म्हणाल्या.

मी बाजूला सरकले तेव्हा त्यांना खुर्ची दिसली. त्या यादी चाळायला लागल्या. "ही यादीत नाही हो. माझ्याकडे बेचाळीसच आहेत." मग त्यांनीच कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही नवी! सोमवारीच आलीय. नाव चढवायचंच राहिलं."

खुलासा झाला, तरी माझं काळीज ठिकाणावर येईना.

"हिला आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्यायला हवं."

"दातासाठी? दुधाचा असेल, पडेल आपोआप. आणि दुखत नाही म्हणतेय की ती."

"दुधाचा नाही तो. ही दाढ सहाव्या वर्षी गुपचूप मागून येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो. ती जन्माची असते, बाई."

"पण दुखत नाही तर..."

"हेच तर!" माझा आवाज चढला. "गोड खाऊन तसंच झोपलं की कीड लागते. आधी नुसता पांढरा डाग पडतो. तेव्हा रात्री नीट घासून झोपलं, फ्लोराइड लावलं, तर तिथल्या तिथे थांबते. खड्डा पडला तरी तो बुजवता येतो. पण तोवर दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. दुखतं ते कीड आतल्या नसेपर्यंत पोचल्यावर. आणि असं दुखून दुखून आपोआप थांबलं ना, म्हणजे नस मेली."

"मग?"

"मग कीड तिथे थांबत नाही. पू होऊन खाली उतरते."

बाईंनी घड्याळ बघितलं. "आई कामावर असते हो हिची. चारला न्यायला येईल. तोवर थांबू या?"

मी मुलीला म्हटलं, "गिळ बघू."

तिने प्रयत्न केला. गिळता आलं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. जबड्याखाली बोट लावलं तर लाकडासारखं कडक लागलं. बाईंनी लगेच आईला फोन लावला आणि थेट रुग्णालयात यायला सांगितलं.

गाडीत ती माझ्या शेजारी ताठ बसली होती. रडणं नाही, आई हवी म्हणणं नाही. मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. खोटं कशाला बोलू, ताप बघून जन्मात पहिल्यांदा मला बरं वाटलं. मेलेल्यांना ताप येत नाही.

"कधी थांबलं गं दुखायचं?"

"परवा. मावशीने थांबवलं."

"कुठली मावशी?"

"फोटोतली. माझ्याएवढीच आहे. उशाशी येऊन बसते." तिने रुमालाने लाळ पुसली. "ती म्हणाली, शाळेत एक बाई येईल. सगळ्यांचं झालं की तू बस."

तापात मुलं काहीबाही बरळतात. मी हे हजारदा पाहिलंय. तरीही उरलेला रस्ता मी तिच्याकडे मान वळवली नाही, नुसता तिचा हात धरून बसले.

डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच आत घेतलं. जबड्याखाली चिरा देऊन पू काढला, सलाईन लावलं. दाढ काढावीच लागली. बाहेर येऊन ते म्हणाले, "वाचली. रात्र उलटली असती तर सांगता आलं नसतं."

तिची आई तोवर पोचली होती. अंगावर कामावरचा एप्रन तसाच. बाकावर माझ्या शेजारी बसून तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना.

"तुमचे उपकार कसे फेडू हो? माझी मोठी बहीण अशीच गेली. मी पाच वर्षांची होते. शाळेत नर्सने तपासलं होतं, कार्डावर लिहिलं होतं, त्रास नाही. आईला तिची मान सुजलेली दिसत होती. पण आई म्हणायची, शिकलेल्या बाईने लिहून दिलंय, आपल्याला काय कळतंय? ते कार्ड आईने मरेपर्यंत जपून ठेवलं."

तिने मला ओळखलं नव्हतं. कशी ओळखणार? गप्प बसले असते तर एकवीस दिवसांनी हार घालून, चार चांगली भाषणं ऐकून घरी गेले असते. गप्प बसावंसं वाटलंही. मनापासून वाटलं.

"ते कार्ड मी लिहिलं होतं," मी म्हणाले.

तिने हात सोडले. उठून खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी पर्स उचलली आणि जायला निघाले.

"थांबा," ती तशीच पाठमोरी म्हणाली. "तुम्ही तपासलंत तेव्हा ती रडत होती का? आम्ही एका अंथरुणात झोपायचो. मला सारखं वाटतं, ती रडत असेल आणि मी झोपून राहिले असेन."

"नाही," मी म्हणाले. "रडत नव्हती. माझ्या पाठीमागे उभी राहून मला वेडावत होती. सगळी रांग हसत होती. मी रागावले तिला."

तिने डोळ्यांना एप्रन लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मग ती बाकाकडे आली, तिथे ठेवलेलं मुलीचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि बाजूला सरकून बसली. मी तिच्या शेजारी बसले.