ज्यूरीत बसलेलं कानाचं मशीन

मी एक जुनं कानाचं मशीन आहे. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या एका घरात, मोज्यांच्या खणात, मी पडून असतं. मित्रांनो, हसू नका. ज्याने जगाचे आवाज गोळा करायचे, त्याच्या वाट्याला मुक्या मोज्यांची संगत आली तर त्याला काय वाटत असेल?

माझा जन्म कारखान्यातला, पण मला आकार दिला तो प्रतापराव सबनिसांच्या उजव्या कानाने. क्लिनिकमधल्या बाईंनी त्यांच्या कानात गुलाबी लगदा भरला आणि त्या मापाने माझं कानात बसणारं टोक घडवलं. दुसऱ्या कुणाच्या कानात मी नीट बसणारच नाही. प्रतापराव मूळचे नागपूरचे इंजिनिअर. जहाजं दुरुस्त करण्याच्या यार्डात वर्षानुवर्षं ठोकाठोकीच्या गदारोळात काम करून त्यांचे कान गेले. डावा तर पारच गेला.

पहिल्याच दिवशी मी कमाल केली. कढीची फोडणी तडतडली आणि प्रतापराव स्वयंपाकघरात धावत गेले. "अगं सुरेखा, काय जळतंय?" सुरेखाबाई हसत सुटल्या. बुटाखाली बर्फ करकर वाजतो, हेही प्रतापरावांना माझ्यामुळे नव्याने कळलं. नात फोनवर ओरडली, "आजोबा, यू कॅन हिअर मी!" माझं कोण कौतुक झालं! चष्मा त्या कानावर माझ्या आधीपासून होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो मनात नक्की म्हणाला असेल.

पण प्रतापरावांना माझी लाजही वाटायची. त्यांनी केस वाढवून मला झाकलं. ऐकू आलं नाही की ते गोड हसून मान डोलवत. "पुन्हा सांगता का?" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत. भारी भिडस्त माणूस! एका गणेशोत्सवात अशीच मान डोलावल्यामुळे सगळ्या मंडळाचे मोदक त्यांच्या गळ्यात पडले. सुरेखाबाई दोन दिवस मोदक वळत होत्या आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. तेव्हा सगळ्यांना गंमतच वाटली.

मग २०१७ साली, प्रतापराव कॅनडाचे नागरिक झाल्यानंतर काही महिन्यांतच, त्यांना ज्यूरीसाठी बोलावणं आलं. मित्रांनो, इथे मोठ्या खटल्यांत बारा साधी माणसं बसून आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात. बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं.

"अहो, कानाचं त्यांना आधीच सांगा हं," सुरेखाबाई म्हणाल्या.

"सिटिझन झालो आणि पहिल्याच कामाला रडगाणं गाऊ? मशीन आहे ना!"

निवड होताना न्यायाधीशबाईंनी सर्वांना विचारलं, "कुणाला ऐकायला अडचण आहे का? सोय करता येईल." मी तो प्रश्न अगदी स्वच्छ पोहोचवला. प्रतापराव गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

खटला कोडी नावाच्या तरुणावर होता. मालकाशी भांडण झाल्यावर त्याने मालकाची बोटींची शेड पेटवली, असा आरोप होता. सरकारी वकिलांचे साक्षीदार खणखणीत बोलणारे होते. त्यांचा शब्द न् शब्द मी कानात घातला. प्रतापराव ताठ बसून ऐकायचे. त्या दिवसांत मला माझा आणि त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मग कोडीच्या बाजूने त्याची मावशी आली. लुईझ तिचं नाव. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. मान खाली घालून ती अगदी हळू बोलत होती. "त्या संध्याकाळी कोडी..." एवढं तिने म्हटलं आणि माझी बॅटरी उतरू लागली. मी टुंग वाजलं. पुन्हा वाजलं. हा इशारा प्रतापरावांना चांगला ठाऊक होता. जादा बॅटरी ज्यूरीच्या खोलीत, कोटाच्या खिशात होती. हात वर केला असता तर कामकाज दोन मिनिटं थांबलं असतं. त्यांचा हात मांडीवरून उचललासुद्धा गेला. पण सारं कोर्ट आपल्याकडे बघेल, म्हणून तो परत खाली आला. शेवटचं वाजून मी मुकं झालं. लुईझबाई बोलत राहिल्या आणि आमचे प्रतापराव मान डोलवत राहिले.

चर्चेसाठी बाराजण खोलीत बसले तेव्हा माझ्यात नवी बॅटरी होती. बाहेर हिमवादळ येऊ घातलं होतं आणि सर्वांना घरी जायची घाई होती. "मावशीच ती, भाच्याच्या बाजूनेच बोलणार," असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. बस चालवणाऱ्या डोरीनबाई तेवढ्या अडून बसल्या. कोडी त्या वेळी घरी होता, हे लुईझचं म्हणणं त्यांना खरं वाटत होतं. त्या प्रतापरावांकडे वळल्या. "तुम्ही तिच्या सर्वांत जवळ बसला होतात. तुम्हाला काय वाटलं?"

ज्यूरीचा प्रमुख म्हणाला, "हवं तर तिची साक्ष पुन्हा ऐकवायला सांगू."

मित्रांनो, याहून सोपी वाट कुणी दाखवली असती? मी श्वास रोखून बसलं होतं. इतकी शहाणी माणसं ऐकून सांगताहेत, ती चुकतील कशी, असं प्रतापरावांनी स्वतःला समजावलं असावं.

"मला काही तिचं पटलं नाही," ते म्हणाले.

डोरीनबाई आता एकट्याच उरल्या. मग त्याही 'दोषी' म्हणाल्या.

कोडी दोषी असल्याचा निकाल कोर्टात वाचला गेला. हा निकाल मान्य आहे का, असं एकेकाला विचारलं. प्रतापरावांनी प्रश्न नीट ऐकला आणि "हो" म्हटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, आणि या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होतं.

"मी सांगितलं होतं ना सगळं! कुणी ऐकलंच नाही का?"

लुईझबाईंचं आम्ही पूर्ण ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

ज्यूरीच्या खोलीतलं बोलणं बायकोलाही सांगायचं नाही, असा इथला कायदा आहे. घरी सुरेखाबाईंनी चहा पुढे केला. "अहो, काहीतरी बोला ना. चेहरा बघा कसा झालाय!" प्रतापरावांनी मला काढलं आणि खणात टाकलं. अजून सुरेखाबाई अधूनमधून मला पुसतात, नवी बॅटरी घालतात आणि प्रतापरावांच्या चहाच्या कपाजवळ ठेवतात. "राहू दे गं," म्हणत ते मला परत खणात नेऊन ठेवतात. मला त्यांचा राग येतो, आणि त्यांची फार कीवही येते.

कोडीने ती आग लावली की नाही, मला ठाऊक नाही. लुईझबाई कुठे थांबल्या, कुठे त्यांचा आवाज कापला, तेही मला कधीच कळणार नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या आजोबांचं मशीन ओलाव्यापासून जपा, बॅटरी वेळेवर बदला, पण तेवढ्याने भागणार नाही. ऐकू आलं नाही तर हात वर करायला त्यांना शिकवा, आणि तुम्हीही शिका. समोरचा कंटाळेल, ही भीती खोटी आहे. लुईझबाईंनी पुन्हा सांगितलं असतं. हवं तितक्या वेळा सांगितलं असतं.