दमा कोणाला आहे?

भूगोलाच्या बाईंनी एकोणतीस वर्षं फळ्यावर ज्वालामुखी काढला. आधी पांढऱ्या खडूने डोंगर, मग त्याच्या पोटातून वर जाणारी नळी, आणि शेवटी लाल खडूने तोंडाशी ज्वाळा. मुलं दरवर्षी विचारत, "बाई, तुम्ही खरा बघितलाय का?" आणि बाई दरवर्षी म्हणत, "बघणार आहे." निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम तेच काढलं. तयारी म्हणून नोकरीचं शेवटचं अख्खं वर्ष त्या वह्यांचा गठ्ठा पाठीला बांधून शाळेचे चार मजले दिवसातून पाच-पाच वेळा चढल्या. शिपाई तोंड फिरवून हसायचा.

बाई नवऱ्याला 'अहो' म्हणतात, तेव्हा आपणही अहोच म्हणू. तर अहोंनी आधी नाक मुरडलं. "डोंगर जळतोय तो बघायला पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं? या वयात?"

"मग मी एकटी जाते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी अहोंनी स्वतःसाठी नवी कोरी सॅक आणली. तिच्यात टोपी, दुर्बीण आणि कॅमेरा. बाईंच्या सॅकमध्ये उरलेलं सगळं: दोघांचे कपडे, पाणी, खाऊ, औषधं आणि अहोंचा दम्याचा पंप.

ज्वालामुखीच्या पायथ्याला एकावर एक पलंग असलेली दहा जणांची खोली होती. बाकी सगळी पोरं विशी-पंचविशीतली. खालचा पलंग अहोंनी घेतला आणि दोन दिवसांत ते पोरांचे लाडके काका होऊन बसले. बाईंनी प्रवासात जे जे सांगितलं होतं, ते ते संध्याकाळी पोरांना स्वतःचं म्हणून सांगत. आयत्या बिळावर नागोबा कसा असतो, ते बघायला डोंगरापर्यंतही जायची गरज नव्हती. बाई वरच्या पलंगावर पडून ऐकत आणि त्यातल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करत.

चढाईचे फॉर्म अहोंनीच भरले. घरातले सगळे फॉर्म तेच भरतात, बाई फक्त सही करतात. पोरांना 'प्रश्न नीट वाचा रे' म्हणून दटावणारी बाई स्वतः न वाचता सही करते, याचा राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण तीस वर्षांची सवय होती.

पहाटे तीनला सगळे निघाले. डोक्याला बॅटऱ्या, पायाखाली भुसभुशीत राख. अहो पोरांबरोबर पुढे, बाई मागे. पण बाईंना ना धाप लागली ना पाय दुखले. दोन तासांनी पत्र्याची शेवटची चौकी आली. तिथून अर्ध्या तासाची उभी चढण, की थेट तोंडाशी. मात्र उजाडायच्या आत पोचायला हवं. एकदा उजेड झाला की आतला लाल रंग दिसेनासा होतो, नुसता धूर उरतो. अहो आणि पोरं तशीच वर गेली. बाई निघाल्या, तेव्हा वाटाड्याने हात आडवा केला.

"काकू, तुम्ही इथेच थांबायचं."

"का?"

"वर गंधकाचा धूर असतो. तुमच्या फॉर्मवर दमा लिहिलाय. दमेकऱ्याला आम्ही वर सोडत नाही."

बाईंना आधी हसूच आलं. "चूक झाली असेल. दमा मला नाही, आमच्या ह्यांना आहे."

वाटाड्याने बॅटरी फॉर्मवर धरली. अहोंचं वळणदार अक्षर. स्वतःच्या नावापुढे 'काही नाही'. बाईंच्या नावापुढे 'दमा, पंप जवळ आहे'.

"पंप तुमच्या सॅकमध्ये आहे ना?" वाटाड्या म्हणाला. तो उद्धट नव्हता, नियमाला धरून चालणारा होता. "न लिहिलेलं औषध सापडलं, तर आम्ही परत पाठवतो. म्हणून सगळे लिहितात."

आता कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. पंप लिहिणं भाग होतं, आणि स्वतःच्या नावापुढे लिहिला तर अहोंना वर जाता येणार नव्हतं. मग अहोंनी तो बायकोच्या नावापुढे लिहून टाकला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "तुमची वॉकीटॉकी आहे ना. त्यांनी खरं सांगितलं तर सोडाल मला?"

"लगेच. मी स्वतः नेतो. अजून वेळ आहे."

वाटाड्याने वरच्या साथीदाराला कॅमेरावाल्या काकांच्या हातात यंत्र द्यायला सांगितलं. "काका, फॉर्मवरचा दमा कोणाला आहे? तुम्हाला की काकूंना? काकू इथे माझ्या शेजारीच उभ्या आहेत."

आधी नुसता वारा ऐकू आला. मग अहोंचा श्वास, शिट्टी वाजल्यासारखा. वाटाड्याला ती चढणीची धाप वाटली. बाईंना बरोबर कळलं. त्या आवाजाने झोपेतून उठून त्यांनी अंधारात शेकडो वेळा पंप शोधून दिला होता.

"तिला," अहो म्हणाले. "तिलाच आहे."

वाटाड्या ओशाळला. "काकू, लिहिलंयही तेच आणि बोललेही तेच. मी तरी काय करू?"

दुसरा एक वाटाड्या वर निघाला होता. बाईंनी त्याच्या हातात पंप ठेवला. देऊच नये, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही संताप आला. त्या चौकीबाहेरच्या फळीवर बसल्या. वरून पोरांचा जल्लोष ऐकू आला. आभाळ तांबूस झालं, मग पिवळं, मग लख्ख उजाडलं. डोंगराच्या माथ्यावर पांढरा धूर तेवढा दिसत होता. बाई रडल्या, आणि चांगल्या मोठ्याने रडल्या.

तासाभराने अहो उतरले. डोळे लालभडक, हातात पंप. "अगं, धुराने डोळे उघडेचनात! काही म्हणजे काही दिसलं नाही. पण गेलो की नाही वर? पंप पाठवलास ते बरं केलंस. पाणी दे."

बाईंनी पाणी दिलं नाही. "मी शेजारी उभी आहे, हे सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. मग?"

"मग 'तिलाच आहे' असं का म्हणालात?"

अहोंच्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता. हे विचारायचं तरी काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"अगं, खरं सांगितलं असतं तर मला खाली आणलं असतं आणि तू वर गेली असतीस. एवढ्या थंडीत मी इथे एकटा काय करत बसणार होतो?"