माझ्यावर गुंडाळलेलं सूत

मी एक जुनी पोलादी तार आहे, शिडाच्या नावेची. हसू नका मित्रांनो! समुद्र नसला म्हणून काय झालं, नागपुरातल्या तलावावरही शिडं फडफडतात. शीड ज्या डोलकाठीवर चढतं, तिला माझ्यासारख्या तीन तारा उभं धरतात. आज मात्र मी नावांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे आणि इथून कुठे जाईन असं वाटत नाही.

एकोणीस बारीक तंतूंना पीळ घालून मला कारखान्यात घडवलं. मग गांधीबागेजवळच्या एका दुकानात दोरांच्या गठ्ठ्याशेजारी मी पडून राहिले. तिथे एके दिवशी रुपराव आले. ते तलावावरच्या क्लबच्या नावा सांभाळत. घरचे हातमाग बंद पडले म्हणून ही नोकरी धरलेली, पण बोटं अजून विणकराचीच होती.

"तार काहून घेता, रुपरावजी?" दुकानदार म्हणाला. "हा दोर पाहा. पोरांच्या हाताले मऊ लागते."

रुपरावांनी डोळे मिटून दोर ताणला. "हे ओढलं का वाढते गा. शीड वर चढवाले दोरच पाहिजे. पण डोलकाठी धराले वाढणारी वस्तू चालत नाही." मग त्यांनी मला बोटांतून सरकवलं. "हे नाही वाढत. हेच दे."

काय सांगू, त्या दिवशी मी किती फुगले होते!

सहा वर्षं मी इमानानं काम केलं. त्या नावेवर काजल यायची, हुडकेश्वरहून सायकल मारत. आली तेव्हा अकरा वर्षांची, चिपाड पोरगी. वारा सुटला की मी गुणगुणायचे आणि ती ओरडायची, "काकाजी, माही तार गाणं म्हणून राहिली!" तिला राज्याच्या संघात जायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. सतराव्या वर्षी तिचं नाव निवड चाचणीच्या यादीत लागलं तेव्हा रुपरावांनी सगळ्या शेडला जिलेबी वाटली.

आता माझ्या जातीची एक गोष्ट ऐका. दोर म्हातारा झाला की पिंजारतो, आंधळ्यालाही कळतं. आम्ही तारा वरून चकचकीत आणि आतून थकलेल्या. आमचा एखादा तंतू तुटला की त्याचं टोक वर येतं आणि टोचतं. आम्हाला बोलायला तेवढंच येतं.

चाचणीच्या दोन महिने आधी माझा पहिला तंतू तुटला. अगदी खाली, जिथे काजल मला धरायची तिथेच.

"आई गं!" तिच्या तळहातातून रक्त आलं. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. आता रुपरावांना कळणार होतं.

रुपराव धावत आले. आधी त्यांनी पोरीचा हात धुतला. मग खिशातून मेण लावलेलं सूत काढलं आणि माझ्या त्या जागेवर गुंडाळलं. इतकं घट्ट, इतकं गुळगुळीत, की जखम कुठे होती ते सापडू नये.

"नवीन तार नाही लागत, काकाजी?"

"एकच तर तुटला वं, अठरा हायेत अजून. आमच्या घरी तुटला धागा कोणी फेकत नव्हतं, सांधून घेत. आता नाही टोचणार तुले."

अहो, धागा सांधता येतो, तार नाही! पण मी सांगणार कशी? मायेपोटी का होईना, त्यांनी माझं तोंडच बांधलं होतं. पुढे एकेक तंतू तुटत गेला. टोकं वर यायची आणि सुतात अडकून बसायची. रुपराव रोज बोट फिरवून बघत. सगळं मऊ लागायचं.

चाचणीच्या दिवशी वाऱ्याचा झोत आला आणि मी तुटले. डोलकाठी काजलच्या उजव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, पण हाताकडे जाणारी नस गेली. आता तो हात लोंबतो. संघ तिच्याशिवाय गेला.

रुपरावांनी ते सूत सोडलं, आतली तुटकी टोकं मोजली आणि मला इथे टांगलं. त्यानंतर क्लबवाल्यांनी दोर की तार असं विचारलं की ते म्हणतात, "मले नका विचारू."

परवा काजल आली. डाव्या हातानं तिनं मला खिळ्यावरून काढलं, माझं टोक उजव्या तळहातावर ठेवलं आणि दाबलं.

"अवं, टोचते ना!" रुपराव ओरडले.

रक्त आलं. ती बघत राहिली.

"नाही टोचत, काकाजी."

रुपरावांनी तिचा हात धुतला आणि मला परत खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, तुमच्या हाताला काही टोचलं तर त्यावर सूत गुंडाळू नका. आत काय तुटलंय ते बघा आणि वेळेत बदला. काजलला आता याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. तिचं रक्त माझ्या टोकावर वाळलंय. रुपरावांनी ते अजून पुसलेलं नाही.