आभाळ खालून वर

हेझेल ऑडली डर्बिशायरात राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत थॉर्नलो गावातलं कुणी तिच्याशी वाकडं बोललं नव्हतं. हेच तर तिचं दुखणं होतं. ही माणसं एकमेकांची यथेच्छ सालं काढायची, पण हेझेल दुकानात शिरली की सगळी गोड व्हायची आणि हवापाण्याचं विचारायची. ती पडली दूरच्या सपाट नॉरफोकची, म्हणजे पाहुणी. नवरा क्लाइव्ह याला विटला होता. घर विकून माघारी जाऊ, असा त्याचा धोशा होता. शेवटी एवढा उन्हाळा बघू, यावर दोघांची तडजोड झाली.

म्हणून यंदा विहीर सजवायला बोलावणं आलं, तेव्हा हेझेलचा आनंद पोटात मावेना. लाकडी फळीवर ओल्या मातीचा थर द्यायचा, त्यात पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्र उभं करायचं, ते विहिरीपाशी मांडायचं आणि शनिवारी पाद्रीबाबांनी येऊन आशीर्वाद द्यायचा, ही गावची रीत. सगळा कारभार एनिड हीथकोटकडे. वय चौऱ्याऐंशी, जीभ सुरीसारखी. तिनं हेझेलला चित्रातलं आभाळ करायला दिलं. निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या, एकीवर एक. जमेल ना तुम्हाला, असं तिनं अगदी मऊ आवाजात विचारलं. न जमायला काय झालं, असं वाटून हेझेलनं पुढे काहीच विचारलं नाही.

दोन दिवस ती गावातल्या आणखी चार बायकांबरोबर कोठारात मान मोडून बसली. शुक्रवारी दुपारी तीनला आभाळ पुरं झालं. दिसायला इतकं सुरेख, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. एनिड काठी टेकत आली, वाकली आणि बोटानं एक पाकळी उचलून बघितली.

"कुठून सुरुवात केलीस?"

"वरून," हेझेल म्हणाली.

बाकीच्या चार बायकांचे हात थांबले.

"अगं बये, कौलं कधी वरून खाली घालतात का?" एनिड कडाडली. "वरची पाकळी खालचीवर यायला हवी, म्हणजे पाणी ओघळून जातं. तू सगळं उलटं केलंस. उद्या पाऊस सांगितलाय. पहिल्याच सरीत तुझं आभाळ पाद्रीबाबांच्या बुटांवर येईल. नऊ वर्षं दरसाल बघायला येतेस, तेव्हा डोळे काय नॉरफोकात ठेवून येत होतीस?"

संपलं, आता घर विकायचं, हेझेलच्या मनात आलं. पण एनिडनं स्टूल ओढलं आणि ती तिच्या शेजारी बसली.

"बघत काय बसलीस? उपट."

एकजण आपल्या बागेतली फुलं तोडायला गेली आणि या बाईपायी माझी झाडं बोडकी झाली म्हणून येता-जाता करवादली. दुसरीनं हेझेलच्या बोटांना सॉसेज म्हटलं. तिसरी म्हणाली की सपाट मुलखातल्या लोकांना वर-खाली कळायचं कसं. संध्याकाळी सातपर्यंत सगळ्या खालून वर पाकळ्या लावत होत्या आणि हेझेलला बोलणी चालूच होती. मान खाली घालून ऐकता ऐकता तिला जाणवलं, की आपल्याला कधी नव्हे इतकं मोकळं वाटतंय. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं मातीच्या हातानंच पुसलं, आणि त्यावरूनही बोलणी खाल्ली.

घरी आल्यावर क्लाइव्हनं तिचा मातीनं माखलेला चेहरा बघून काय झालं म्हणून विचारलं.

"सगळ्यांनी मला धुऊन काढलं," तिनं सांगितलं, आणि असं खुशीत सांगितलं, की तो बघतच राहिला.

शनिवारी सांगितल्याप्रमाणे पाऊस आला. छत्र्या उघडल्या, पाद्रीबाबांनी आशीर्वाद आवरता घेतला. हेझेल श्वास रोखून फळीकडे बघत होती. थेंब पाकळ्यांवरून ओघळून खाली जात होते, एकही पाकळी हलली नाही. शेजारच्या गावाहून आलेल्या एका बाईनं आभाळ कुणी केलं म्हणून विचारलं.

"आमच्या हेझेलनं," एनिड म्हणाली. "दोनदा."